तार तुटून पडलीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लायसन्स असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. विहिरीवरच्या मोटारीच्या पॅनलपासून नव्या डीपीच्या, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कामापर्यंत सगळं करतो. मे महिन्यात पहिला वळीव झाला की दोन दिवस फोन खिशात ठेवता येत नाही, आणि निम्म्या फोनांवर एकच वाक्य ऐकू येतं: "तार पडलीय, पण लाईट गेलीय. बाजूला केली तर चालंल ना?" चालणार नाही. का चालणार नाही, हे दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

आत्ता समोर तार पडली आहे. एवढं वाचायला वेळ नाही. काय करू?

मागे व्हा. निदान दहा मीटर, म्हणजे बैलगाडी बैलांसकट दोनदा मावेल एवढं अंतर. मनोऱ्यावरची मोठी लाईन असेल तर त्याहून बरंच लांब. दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांना ओरडून थांबवा. मग महावितरणचा १९१२ लावा. मुंबईत किंवा जिथे महावितरण नाही तिथे ज्या कंपनीचं बिल येतं तिचा तक्रारीचा नंबर बिलावर छापलेला असतो. आग लागली असेल किंवा माणूस सापडला असेल तर आधी ११२.

फोनवर "आमच्या शेतात तार पडलीय" एवढंच सांगू नका. गाव, जवळच्या डीपीचं नाव, शेतीचा फीडर (सबस्टेशनवरून निघणारी लाईन) की गावठाणचा, आणि लांबून वाचता आला तर खांबावरचा नंबर. गावाच्या लाईनमनचा आणि सबस्टेशनचा असे दोन्ही नंबर पावसाळ्याआधीच मोबाईलमध्ये ठेवा. वादळाच्या रात्री १९१२ वर सगळा जिल्हा एकदम फोन करत असतो. सबस्टेशनचा ऑपरेटर मात्र एका फोनवर अख्खा फीडर बंद करू शकतो.

गावातली लाईट गेली आहे. म्हणजे तार मेलेलीच ना?

बहुतेक अपघात याच एका समजुतीपायी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या घरातली लाईट गेली याचा अर्थ तुमच्या घरापर्यंत येणारा रस्ता कुठेतरी तुटला, एवढाच. पडलेल्या तारेपर्यंतचा रस्ता तुटला असेलच असं नाही. घर गावठाण फीडरवर आणि शेतातली तार शेतीच्या फीडरवर, हे तर बऱ्याच ठिकाणी असतं. गावात अंधार आहे म्हणून शेतातली तार थंड आहे हे कुणी ठरवलं?

दुसरं, पुष्कळदा तीन फेजपैकी एकच तार तुटते. बाकीच्या दोन चालूच असतात. आता तुटलेल्या तारेला दोन टोकं. सबस्टेशनकडचं टोक जिवंत असणार हे कुणालाही कळतं. पण डीपीकडचं टोकही जिवंत असू शकतं, आणि इथे चांगले चांगले वायरमन फसतात. डीपीच्या आत ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) बाजूची तीन वेटोळी एकमेकांना त्रिकोणात जोडलेली असतात. दोन फेज वरून येत असले की तिसऱ्या तुटलेल्या फेजच्या टोकावर डीपीच्याच आतून उलटा दाब, म्हणजे व्होल्टेज, येतो. म्हणजे लाईन मागून तुटलेली, समोर नुसता डीपी, आणि तरी तार जिवंत.

तिसरं, कुणाचा तरी जनरेटर. लग्नाचा मांडव, पोल्ट्री, दूध डेअरी. मेन स्वीच न पाडता जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला तर वीज उलटी डीपीत जाते, आणि जो डीपी ११ हजाराचे ४०० करतो तोच उलट्या दिशेने ४०० चे ११ हजार करतो.

आणि चौथं, लाईन परत चार्ज होते. फीडर पडला, म्हणजे आपोआप बंद झाला, की ऑपरेटर थोड्या वेळाने तो चालू करून बघतो. पुष्कळदा फांदी तारेला लागून बाजूला झालेली असते आणि लाईन टिकते. तुमच्या बांधावर तार पडलीय हे त्याला वीस किलोमीटरवरून दिसत नाही. दहा मिनिटं निपचित पडलेली तार अकराव्या मिनिटाला जिवंत होते ती अशी. आवाज नाही, ठिणगी नाही.

पण तार जमिनीला लागली की सबस्टेशनमधला ब्रेकर पडून लाईन बंद होते ना?

घरातल्या एमसीबीसारखा पडावा असं सगळ्यांना वाटतं. कधी पडतो, कधी नाही.

११ केव्हीच्या एका तारेपासून जमिनीपर्यंत साधारण ६,३५० व्होल्ट असतात. तार कोरड्या मुरमावर, डांबरी रस्त्यावर, उसाच्या वाळक्या पाचटावर पडली आणि तिथला अडथळा ५०० ओहम निघाला, तर प्रवाह येतो जेमतेम १२-१३ अँपिअर. फीडरवर आधीच शंभरेक अँपिअरचा लोड चालू आहे. हे १२ अँपिअर म्हणजे सबस्टेशनच्या हिशोबात दोन-तीन डीपींवर मोटारी सुरू झाल्यासारखं. रिले, म्हणजे ब्रेकरला पडायचा हुकूम देणारं यंत्र, ज्या आकड्यावर लावून ठेवलाय त्या आकड्यापर्यंत ते पोचलंच नाही तर ब्रेकर गप्प बसतो. ओल्या काळ्या मातीत अडथळा कमी, म्हणून प्रवाह जास्त आणि ब्रेकर पडायची शक्यताही जास्त. माणसाला कोरडी जमीन सुरक्षित वाटते, पण पडलेल्या तारेच्या बाबतीत कोरडी जमीनच लाईन चालू ठेवते.

तार किती व्होल्टची आहे हे बघून कसं ओळखायचं?

ओळखायची माहिती देतो. मग ती का वापरायची नाही तेही सांगतो.

खांबावर एकाखाली एक अशा चार-पाच तारा आणि छोट्या चिनीमातीच्या गिट्ट्या असल्या तर बहुधा लघुदाब, म्हणजे एलटी लाईन. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. व्ही आकाराच्या लोखंडी आडव्या पट्टीवर तीन तारा, दोन बाजूंना आणि एक डोक्यावर, अशा असल्या तर बहुधा ११ केव्ही. जिथे लाईन वळते किंवा संपते तिथे आडव्या टांगलेल्या चकत्या मोजायच्या: ११ केव्हीला साधारण एक, ३३ ला तीन. मनोऱ्यावर उभ्या माळा दिसतात. १३२ केव्हीला नऊ-दहा चकत्या, २२० ला चौदा-पंधरा, ४०० ला वीसच्या वर.

आता यातलं काय काय फसतं ते बघा. चिनीमातीच्या चकत्यांच्या जागी आता पॉलिमरचे अखंड दांडे आलेत, त्यात मोजायला काही नाही. पुण्याच्या बाजूला २२ केव्हीच्या लाईन आहेत, त्या रस्त्यावरून ११ सारख्याच दिसतात. खूप ठिकाणी एकाच खांबावर वर ११ केव्ही आणि खाली एलटी. वादळात वरची तार तुटून खालच्या तारेवर पडते आणि खालची जमिनीवर येते. पडलेली तार गिट्टीवरून बघितली तर २३० ची, आणि तिच्यात आलेत ११ हजाराचे. तारेच्या जाडीवर तर जाऊच नका. या अॅल्युमिनियमच्या उघड्या तारांना आमच्यात प्राण्यांची नावं आहेत, खारीपासून मूसपर्यंत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, रकून, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. जितका मोठा प्राणी तितकी साधारण जाड तार. पण ती जाडी किती अँपिअर वाहायचे यावर ठरते, किती व्होल्ट आहेत यावर नाही. त्यातलीच एखादी तार एका गावात एलटीला असते आणि शेजारच्या गावात ११ केव्हीला.

म्हणून पडलेल्या तारेचे व्होल्ट खांबावर लिहिलेले असले तरी ते तारेत असतीलच असं नाही. मी वीस वर्षं हेच काम करतोय आणि मीही पडलेल्या तारेकडे बघून आकडा सांगत नाही.

टेस्टर लावून बघितलं तर?

घरातला टेस्टर पाचशे व्होल्टच्या आतल्या कामासाठी असतो. ११ केव्हीला तो लावला तर दिवा लागलेला बघायला तुम्ही उरणार नाही. आणि उलट्या बाजूने, टेस्टर लागला नाही म्हणून तार मेली असंही नाही. या प्रश्नात याहून जास्त काही नाही.

तारेला हातच लावला नाही तर शॉक कसा बसेल?

जमिनीतून. हे लोकांना पटत नाही, म्हणून एकदा कागदावर मांडून दाखवतो.

तार जिथे मातीला टेकली तिथून वीज जमिनीत सगळ्या बाजूंनी पसरते. दगड पाण्यात टाकल्यावर वलयं उठतात तशी दाबाची वलयं धरा. समजा २० अँपिअर जमिनीत जातायत आणि माती मध्यम आहे, म्हणजे आमच्या भाषेत १०० ओहम-मीटर. टेकल्या जागेपासून एक मीटरवर दाब भरतो सुमारे ३१८ व्होल्ट. एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर तो १७७ होतो. तुमचा एक पाय इथे आणि एक तिथे, म्हणजे दोन पायांत १४१ व्होल्ट. तारेला हात न लावता. तेच दहा मीटरवर एक पाऊल टाकलं तर दोन पायांतला फरक सव्वादोन-अडीच व्होल्ट. वरती दहा मीटर म्हटलं ते इथून आलं. माती, ओल आणि लाईन बदलली की हे आकडे खूप बदलतात, तेव्हा दहा मीटर हे कमीत कमी समजा.

पायातून पायात जाणारा करंट हृदयाला फारसा लागत नाही, हे खरं. पण पायाचे स्नायू आखडतात, माणूस कोसळतो, हात टेकतो, छाती टेकते. मग तोच करंट छातीतून जातो. छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं.

आणि बैलाचं बघा. त्याचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत दीड मीटर अंतर, आणि हृदय बरोबर मधे. वरच्याच हिशोबात त्याच्या पायांत १९० व्होल्ट येतात. मालक वाचतो आणि बैल जातो तो यामुळे. लोक म्हणतात, बैलानं धन्यावरचं आपल्या अंगावर घेतलं. माझ्या आजोबांनीही असंच म्हटलेलं मी ऐकलंय. कागदावरचा हिशोब माहीत असूनही मला ते वाक्य खोटं म्हणवत नाही.

मी तारेजवळ पोचलोच आहे. पायांना मुंग्या येतायत. आता?

पळायचं नाही. पळताना पावलं लांब पडतात. दोन्ही पाय जुळवून घ्या, आणि तळवा जमिनीवरून न उचलता, एक पाय दुसऱ्याच्या पुढे न जाऊ देता, घासत घासत तारेपासून लांब सरका. लहान मूल नवी चप्पल घालून चालतं तसं. लंगडी घालू नका, तोल गेला तर हात टेकतो. मूल बरोबर असेल तर कडेवर घ्या, हाताला धरून चालवू नका. दोन माणसं हात धरून चालली की दोघांत मिळून एक लांब पाऊल होतं.

म्हैस तारेत सापडली आहे, अजून जिवंत आहे. सोडवू कशी?

सोडवायची नाही. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे हे मला कळतं. म्हशीला लागलेला शॉक बघून मालक धावतो, मालकाला बघून मुलगा, मुलाला बघून भाऊ. एका तारेवर एका घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या बहुतेक अशाच असतात. सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्या, लाईनमनने "या" म्हणेपर्यंत दावणीचा दोरसुद्धा धरू नका. भिजलेला दोर तारेसारखाच.

माणूस चिकटला आहे. काय करायचं?

घरात मिक्सर, हीटर, कूलर, असं काही असेल तर मेन स्वीच पाडा. तो हाताशी असतो. आधी स्वीच, मग माणूस. बाहेर पडलेल्या तारेवर मात्र तुमच्या हातात स्वीच नसतो. तिथे फोन आणि अंतर हे दोनच उपाय. काठीने तार उडवायची नाही. सिनेमातला हिरो उडवतो, त्याच्या तारेत लाईट नसते.

लाईन बंद झाल्याची खात्री झाली की पुढचा वेळ फार महत्त्वाचा. हाक मारून बघा, श्वास बघा. श्वास नसेल, किंवा मधूनच घशातून खरखर येत असेल, तर उताणं झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला लागा. किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेला कुणी असेल तर ३० दाबांमागे तोंडाने दोन श्वास. नसेल तर नुसतं दाबत राहा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. विजेने बंद पडलेलं हृदय बऱ्याचदा तरुण, धडधाकट माणसाचं असतं. ते परत सुरू व्हायची आशा इतर कारणांपेक्षा जास्त असते, म्हणून लवकर थकू नका.

मातीत किंवा शेणात पुरायचं नाही. कुठेकुठे अजून पुरतात, "करंट माती ओढून घेते" म्हणून. अंगात करंट साठत नाही, मातीला ओढायला काही उरलेलंच नसतं. त्यात फक्त छाती दाबायची मिनिटं वाया जातात.

माणूस उठून बसला, चहा मागितला, तरी दवाखान्यात न्या. बाहेर दोन रुपयाच्या नाण्याएवढा डाग आणि आत स्नायू शिजलेला, असं होतं. हृदयाचे ठोके नंतरही बिघडतात. ईसीजी काढल्याशिवाय घरी आणू नका.

तार गाडीवर पडली तर?

आत बसून राहा. टायर रबराचे म्हणून तुम्ही वाचता असं नाही. सगळा पत्रा एकाच दाबावर असतो, आत फरक नाही, म्हणून वाचता. धोका उतरताना आहे. एक पाय जमिनीवर आणि हात दाराला, की तुम्हीच तार झालात. गाडीने पेट घेतला तरच उतरा: दार पूर्ण उघडा, दोन्ही पाय जुळवून उडी मारा, हवेत असताना गाडीला अंग लागू देऊ नका, मग घासत सरका. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी आणि बोअरच्या गाडीवाल्यांनी हे घोकून ठेवावं. दुचाकीला यातलं काहीच लागू नाही.

कोरडं लाकूड, रबरी चप्पल, हातमोजे?

२३० व्होल्टला कोरडी काठी वाचवू शकते. किती व्होल्ट हे माहीत नसताना काठी कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवणार? पावसात पडलेला बांबू आतून ओला असतो. चप्पल भोकाची, खिळा घुसलेली, घामाने भिजलेली. लाईनमनचे हातमोजे ठरावीक व्होल्टसाठी तपासलेले असतात, आणि ते मिळाले तरी तो आधी लाईन बंद करतो.

हाय टेन्शनची तार लांबून माणसाला ओढून घेते म्हणतात. खरं का?

ओढून घेत नाही. ११ केव्ही कोरड्या हवेतून सेंटिमीटरभर उडी मारेल, फार तर थोडी जास्त. मनोऱ्यावरच्या लाईनची उडी मोठी. पण ती तुम्हाला ओढत नाही, तुम्हीच तिच्याजवळ जाता. गच्चीवरून सळई फिरवताना, विहिरीतला पाईप उभा करताना, आंबे उतरवताना अॅल्युमिनियमचा दांडा वर नेताना. ओढून घेण्याच्या गोष्टीने एक वेगळाच तोटा होतो. लोक वरच्या तारेला घाबरतात आणि खाली पडलेलीला नाही.

तार तारेच्या कुंपणावर पडली आहे, आमच्यापासून लांब आहे.

कुंपण किती लांब आहे? तेवढा सगळा धोका. अर्ध्या किलोमीटरवर तार पडली आणि इकडे फाटकाला हात लागला, तर तार तुमच्या हातातच आहे. वेलांच्या मांडवाची तार, द्राक्षाच्या बागेचे अँगल, वाळत घालायची तार, पाण्याचा लोखंडी पाईप, सगळ्याला हेच. वाळत घालायच्या तारेबद्दल वेगळं सांगतो: ती काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचं कव्हर उन्हाने तडकतं, पत्र्याला घासतं, पत्र्यावरून करंट वाळत घालायच्या तारेत येतो, आणि ओला टॉवेल टाकणारी बाई जाते. वादळ लागत नाही, नुसता पाऊस पुरतो.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाईट सोडणं हा गुन्हा आहे, आणि विदर्भात त्यात वाघही गेलेत आणि माणसंही. बाजारातलं झटका मशीन वेगळं असतं. ते क्षणभराचा ठोका देऊन थांबतं. एलटीची तार थांबत नाही.

तार पडलेली नाही, पण खूप लोंबकळतेय.

उघड्या ११ केव्हीच्या तारेखाली रस्ता नसलेल्या जागीही जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट मोकळं पाहिजे. रस्ता ओलांडत असेल तर ६.१ मीटर. मोजायला जाऊ नका, टेप लावायला तर अजिबात नको. खांबाशेजारी माणूस उभा करून लांबून फोटो काढा, उंची डोळ्याने कळते.

तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, फोटो जोडा. माझ्याच गावात एका खांबाला ओढून धरणारा ताण तुटून तार खाली आली होती. तोंडी सांगून तीन महिने गेले, अर्जावर शिक्का घेतल्यावर आठ दिवसांत माणसं आली. त्या कार्यालयाला मी दोष देत नाही, त्यांच्याकडेही माणसं कमी होती. पण शिक्क्याला उत्तर द्यावं लागतं.

ऊस मोठा झाला की तुरे तारेला लागतात, वाऱ्यात दोन तारा घासून ठिणग्या पडतात आणि फड पेटतो. तुऱ्यांलगत तार असेल तर तोडणीच्या टोळीला पहिल्या दिवशीच दाखवून ठेवा.

घरातले सगळे दिवे एकदम भगभगले आणि टीव्ही जळला. तार पडली त्याचाच परिणाम?

बहुधा. वरची ११ केव्ही एलटीवर पडली किंवा डीपीचा न्यूट्रल तुटला. मेन पाडा, बोअर-फ्रीजला हात लावू नका, शेजाऱ्यांना सांगा. भरपाईचं नंतर.

माणूस गेला. भरपाई कुणाकडे मागायची? "आकडा टाकला होता" म्हणून कंपनी हात वर करते.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००२ चा निकाल आहे. मध्य प्रदेशातली गोष्ट. ऑगस्ट १९९७, रात्रीची वेळ, पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर पाणी. कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला कामगार. पाण्यात पडलेली तार त्याला दिसली नाही. वीज मंडळाचं म्हणणं, कुणीतरी चोरून लाईन ओढली होती, ती निसटली, आमचा दोष नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. वीज ही धोक्याची वस्तू, ती लोकांत नेणाऱ्याने तिच्यामुळे झालेल्या हानीची जबाबदारी घ्यायची, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, आणि तिऱ्हाईताने चोरी केली ही सबब चालत नाही. वकिलाला हा निकाल माहीत असतो, नसला तर तुम्ही सांगा.

कागद मात्र पहिल्या दिवसापासून लागतात. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जागेचे फोटो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावीच लागते. हा अधिकारी राज्य शासनाचा असतो, वीज कंपनीचा नोकर नाही. त्याच्या अहवालाची प्रत मागा. दुःखात घरच्यांना याचं भान राहत नाही, म्हणून भावकीतल्या एकाने हे काम उचलावं. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विजेच्या धक्क्याने झालेला अपघात धरला जातो. मृत्यूला दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. ते कोर्टातल्या भरपाईपेक्षा वेगळं.

आणि आकडा टाकणाऱ्यांना: तुमच्या आकड्याच्या तारेखालून तुमचीच पोरं शाळेत जातात.

निसर्ग वादळासारखं मोठं काही झालं तर?

३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनजवळ धडकलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर गेलं. दोन्ही वेळा कोकणात पोफळी आणि नारळ तारांसकट आडवे झाले. अशा वेळी वाडी साफ करायची घाई असते, आणि फांदीखाली तार दबलेली असते. फांदी उचलली की तार ताणातून सुटून उसळते. आठ दिवस लाईट नाही म्हणून माणूस बिनधास्त होतो. पण नवव्या दिवशी फीडर कधी चार्ज होणार हे वाडीत कुणी ओरडून सांगत नाही. तारेत अडकलेलं झाड लाईनमन येईपर्यंत तसंच ठेवा, बाकीची वाडी साफ करा.

लाईनमन यायला दोन तास लागतील म्हणतात. तोवर काय करायचं?

राखण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, तारेपासून वीस-पंचवीस मीटरवर, एकेक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. ट्रॅक्टर आडवा लावला तर उत्तम. फांद्या किंवा दगड नकोत, रात्री मोटरसायकलवाला त्यावरच आदळतो. कुत्री बांधा. शेतीची लाईट रात्रीची असेल तर पाणी धरायला येणाऱ्या प्रत्येकाला फोन करा. तो अंधारात, अनवाणी, ओल्या सरीतून येतो, आणि त्याची नजर तारेवर नसते, पाण्यावर असते.

आणि लाईनमन आला की तो काय करतो ते लांबून बघा. तो तारेकडे येत नाही. आधी उलट्या दिशेने एबी स्वीचकडे (लाईन तोडायच्या खांबावरच्या स्वीचकडे) जातो, दांडा खाली ओढतो, वर बघून तिन्ही पात्या उघडल्याची डोळ्याने खात्री करतो. सबस्टेशनला फोन करून परमिट, म्हणजे लाईनवर काम करायची परवानगी, घेतो, आपलं नाव सांगतो, तिकडच्याचं नाव विचारतो. दोन्ही बाजूंच्या तारांना साखळी लावून त्या जमिनीशी जोडतो. आमच्या इथला जुना लाईनमन यानंतर एक बिडी ओढायचा. घाई असलेले लोक चिडायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "एवढ्या वेळात कुणाचा जनरेटर चालू व्हायचा असेल तर होऊन जाऊ दे." मग तो तारेजवळ यायचा.